आईला विचारलं, पण थांबलं कोण?

अन्याय माझ्या आईवर झाला. होळीच्या आदल्या सोमवारी, भर दुपारी, विंझरच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीत, तिच्याच खाटेच्या पायथ्याशी. करणारे परके नव्हते. आम्ही घरचेच होतो.

आई तेव्हा नुकतीच दवाखान्यातून आली होती. शेळ्या सोडताना तिचं तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात गळून पडला होता. "अंगावरनं वारं गेलं," म्हणत बायका तेल चोळायला बसल्या. आमच्या वाडीला गाडीरस्ता नाही. झोळीतून खाली, तिथून टेम्पोनं पुण्याला. सीटी स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले, "इस्केमिक स्ट्रोक." म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी. ती विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं. आमचे ते तास तेलात आणि उतारावर गेले. रस्ता मागणारी पत्रकं मी कितीदा वाटली असतील! त्या दिवशी त्यातली ओळ न् ओळ आमच्याच घरात खरी झाली.

आई वाचली. पण घरी आली ती एकच शब्द घेऊन, "व्हय".

ती नीट बोलत नाही म्हणून आम्ही ओरडायला लागलो. डोंगरातली सवय. समोरच्या टेपावरचा, म्हणजे टेकाडावरचा, माणूस ओ देत नसला की आवाज चढवायचा. आई हातभर अंतरावर, आणि आम्ही खोऱ्यापलीकडं हाळी घालावी तसे किंचाळत होतो.

त्या सोमवारी बाळूकाका, माझे धाकटे चुलते, शेळ्यांच्या व्यापाऱ्याला घेऊन आले. काकांचा हेतू वाईट नव्हता. शेळ्या आईच्या, तिनं वाढवलेल्या, म्हणून त्यांनी विचारलंही.

"वहिनी, आता तुमच्यानं हुनार हाय का? इकून टाकू ना?"

"व्हय, व्हय," आई म्हणाली. डोळ्यांतून पाणी.

"बघा, मालकीनच व्हय म्हनत्यात," व्यापारी म्हणाला आणि इसाराच्या आगाऊ नोटा ठेवून गेला. रडणं आम्ही आजारपणाच्या खात्यात टाकलं.

दोन दिवसांनी मी आणि दादा, म्हणजे माझे वडील, आईला पुण्याला स्पीच थेरपिस्टकडं घेऊन गेलो. गेलेली वाचा परत आणायला मदत करणाऱ्या या बाई. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तुमचं नाव दगडू आहे का?"

"व्हय," आई म्हणाली.

दादा हसले. मग त्यांचं हसू मधेच थांबलं. "आन् मग सोमवारचं व्हय?"

बाईंनी समजावलं. "याला अफेजिया म्हणतात. मेंदूतल्या भाषेच्या भागाला इजा झाली की शब्द सापडत नाहीत. कधी एकच अडकून बसतो, मनात नाही असलं तरी तोच बाहेर पडतो. तुमचं बोलणं त्यांना बरंच कळतंय. त्या बहिऱ्या नाहीत. एक प्रश्न विचारा, दोन वस्तू दाखवा आणि थांबा."

परतीच्या एसटीत दादा आईला खांद्याचा टेकू देऊन बसले. मार्गासनी मागं पडल्यावर म्हणाले, "टेपावरनं ओ यायला येळ लागतोच की. तवा आपन थांबतो. घरातच का थांबलो न्हाई?"

घरी आल्यावर दादा खाटेसमोर उकिडवे बसले. एका हातात व्यापाऱ्याच्या नोटा, दुसऱ्यात बांडीचं दावं. बांडी ही आईची सगळ्यात पुढं चालणारी शेळी.

"शेळ्या ठिवायच्या का इकायच्या?"

मी तोंड उघडलं. दादांनी मान हलवून मला गप्प केलं. चहावर साय धरली. दाराशी बसलेले काका तीनदा खोकले. मग आईचा डावा हात सरकत सरकत पुढं आला, दाव्यावर पडला आणि तिनं ते छातीशी ओढलं. तोंडानं म्हणाली, "व्हय."

इसार परत द्यायला काका स्वतः गेले.

फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले हातापायांचे व्यायाम दादा रोज करून घेतात. ज्या माणसानं कधी चुलीत लाकूड सारलं नव्हतं तो भाकरी थापतो. आई ती उचलून जाडी दाखवते आणि हसते. तिची वेणीही दादाच घालतात. शेजारच्या काकी म्हणाल्या, "काय भावजी, पारलर काढलंय जनू?"

"व्हय तर! तुमी बी बसा रांगंत."

मोर्चे मीही काढलेत. एवढं चिवट माणूस मी कुठल्या मोर्चात पाहिलं नाही. आणि दोन माणसं म्हणाल तर दुसरी आई. उजवा हात अजून साथ देत नाही, तर डाव्यानं धार काढते. शब्द तिला चढावरून ओझं आणल्यासारखे आणावे लागतात. पावसाळा संपता संपता एका सकाळी तिनं कुडाबाहेर बघून हाक मारली, "बांडे!" शेळीनं वळून पाहिलं. दादा तोंड फिरवून गोठ्यात गेले.

वाचणाऱ्यांनो, तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर तेल खाली ठेवा आणि सीटी स्कॅन असलेला दवाखाना गाठा. आणि तुमच्या घरात, शेजारी, असं कुणी खाटेवर असेल तर माझ्या आईसाठी हळहळू नका. उठा. त्यांच्यासमोर, डोळ्यांच्या पातळीला बसा. एकच गोष्ट विचारा. मग उत्तर येईपर्यंत तोंड बंद ठेवा.