ओल्या पायरीवरची मुलाखत

सर बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघत. विद्यापीठातल्या आमच्या विभागात नव्याने आलेल्या मुलांना वाटे, आपले बूट मळलेत. ती गुपचूप पाय खुर्चीखाली घेत.

तुमच्याही ओळखीत असं एकाच गोष्टीत मन अडकलेलं कुणीतरी असेल. सरांचं मन नदीवरच्या घाटाच्या पायऱ्यांत अडकलं होतं. ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्या न घसरता उतरणारा रोबोट त्यांना करायचा होता. त्या दोन पायांच्या यंत्राला ते ‘बाईसाहेब’ म्हणत. यंत्र कोलमडलं की शेजारी फरशीवर बसून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवत. “बाईसाहेब, आज काय बिनसलं?”

संशोधनासाठी येऊ इच्छिणाऱ्यांची मुलाखत ते शिप्रा नदीच्या राम घाटावर घेत. त्या वर्षी जागा एकच होती, आणि सरांच्या निवृत्तीआधीची ती शेवटची. आम्ही चौघे आलो होतो. मला हेच काम करायचं होतं, इथेच. पण चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. इंग्रजीतही नाही आणि मराठीतही.

थंडीतली सकाळ होती. शिप्रेवर इतकं धुकं की पायऱ्या ढगात उतरत होत्या. “काय दिसतंय ते सांगा,” सर म्हणाले. बाकीचे तिघे सेन्सर आणि तोलाच्या गणिताबद्दल बोलत सुटले.

“अरे भैया, भाषण बाद में. पहले पैर तो देखो!” सरांनी त्यांना थांबवलं.

मी पायऱ्या उतरणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईकडे बघत होते. ती आडवी वळून अंगठ्याने पायरी चाचपायची, जराशी थांबायची, आणि मगच अंगाचा भार टाकायची.

“तू गं? तुला काय दिसलं?”

मी चपला काढल्या, आडवी वळले आणि त्या बाईसारखी उतरू लागले. मागे कुणीतरी हसलं. दगड बर्फासारखा गार होता. खाली पोचेपर्यंत सलवार भिजली.

“फिर से,” सर म्हणाले.

मी पुन्हा उतरले. या वेळी तेही बूट काढून, पँट दुमडून माझ्या शेजारी उतरत होते, अगदी हळू, झोपेत चालल्यासारखे.

“आधी पायरीला विचारायचं, मग पाय टाकायचा,” ते पाण्याकडे बघत म्हणाले. “हे मी बाईसाहेबांना शिकवलंच नाही.” मग माझ्याकडे वळले. “दोन वर्षांनी मी निघणार. पुढचं एकटीला करावं लागेल. जमेल?”

“हो.”

“आवाज आहे म्हणजे तुला! चला, फ्रीगंजच्या बाजारात पोहे खाऊ.”

निवृत्तीनंतर सर नाशिकला मुलीकडे गेले. दर रविवारी फोन करून बाईसाहेबांची खुशाली विचारत. मागच्या हिवाळ्यात ते फोन थांबले. त्यांच्या मुलीने कळवलं, झोपेतच गेले.

परवा पहाटे आमचं यंत्र पहिल्यांदाच न पडता पाण्यापर्यंत गेलं. मी मागे एकटीच उभी होते. बाईसाहेब पायरी चाचपत अजून अर्ध्यातच होत्या, तेव्हा धुक्यातून एक यात्रेकरू जोडपं आलं. नवरा घाईत पुढे निघाला, तशी बाईने त्याचा हात धरला.

“रुको जी,” ती म्हणाली, “पहले इसको उतर जाने दो.”