भावासाठी सोडलेला उपास

माझा भाऊ आणि त्याचं आयुष्य यांच्यामध्ये माझं वजन आडवं आलं होतं. ऐकायला विनोदी वाटतं, आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही हसूच आलं होतं. सुनील माझा धाकटा भाऊ. अमळनेरजवळच्या आमच्या गावी इलेक्ट्रिशियनचं काम करायचा. ऐन चाळिशीत त्याच्या दोन्ही किडन्या बसल्या. आईचं वय झालेलं, त्यात तिला साखर. वहिनीचा रक्तगट जुळेना. जुळले ती मी. मला केवढा आनंद झाला होता! पण नाशिकच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवले, मला एकदा नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "ताई, किडनी उत्तम आहे. पण एवढ्या वजनावर आणि एवढ्या बीपीवर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. आधी वजन उतरवा." म्हणजे देवाने द्यायला दिलं होतं आणि वर माझ्याच चरबीचं कुलूप घालून ठेवलं होतं. त्या दिवसापासून माझा देवावर राग बसला.

आमच्या घरात आधी पोटोबा, मग विठोबा असा खाक्या. माझ्या बाबतीत तर विठोबाची पाळीच येत नसे. शेंगदाण्याची चटणी, कळण्याची भाकरी आणि त्यावर तेलाची धार, यातच माझा जीव. आता ते सगळं आवरायचं होतं. मी धुळ्याला देवपुरात राहते आणि पांझरेच्या पलीकडच्या एका शाळेत शिकवते. लेक पुण्याला शिकायला गेल्यापासून तिची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती. ती पुसून काढली, स्कूटीची किल्ली यांच्या हातात दिली आणि सायकलने शाळेत जायला लागले. पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी पोहोचले तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. नववीच्या पोरी एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. त्यातली एक धीट म्हणाली, "मॅडम, हवा कमी शे का चाकात?" हवा चाकात भरपूर होती, माझ्यातच नव्हती. मीही हसले. सुनीलला सांगितलं तर तोही खूप हसला.

तो एक दिवसाआड डायलिसिसला धुळ्याला यायचा. शाळा सुटली की मी तशीच सायकलने त्याच्याकडे जायची. चैत्र-वैशाखाचं आमच्याकडचं ऊन काय सांगावं! घामाने निथळत मी त्याच्या खाटेशी बसायची आणि तो मला खालीवर बघून म्हणायचा, "ताई, तू बारीक व्हशी का मी मरसू, पहिले काय व्हई?" असं बोलून तो हसायचा. मी त्याच्या पाठीत धपाटा घालायची आणि बाहेर येऊन रडायची. सुरुवातीला वजन भराभर उतरलं. मग जे अडलं ते हलेचना. सायकल तीच, रस्ता तोच, घाम तेवढाच, पण काटा जागचा ढळत नव्हता. इकडे सुनीलच्या हातावरची डायलिसिसची नस खराब व्हायला लागली. डॉक्टर म्हणाले, जेवढं लवकर होईल तेवढं बरं.

मग मी डोक्यात राख घालून घेतली. खाणंच बंद केलं. सकाळी कोरा चहा, दुपारी काकडी, रात्री घोटभर ताक, आणि वर सायकल. श्रावण लागला होता, त्यामुळे कुणाला संशयही आला नाही. डबा उघडला नाही की स्टाफरूममधल्या बाया म्हणायच्या, "आज पण उपास? केवढं करताय भावासाठी!" सासूबाई तर कौतुकाने शेजारी सांगत सुटल्या की सून फार देवाची झाली आहे. आणि ही देवाची सून रोज एकवीरादेवीच्या देवळावरून जाताना मान वळवत नव्हती. माझ्या उपासात देव औषधालाही नव्हता, नुसता हट्ट होता. तू देत नाहीस ना, मग मी ओरबाडून घेते, असा.

त्यातच कानबाई आली. कानबाई म्हणजे आम्हा खान्देशकरांची घरची माय. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरात बसते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर जाते. घरातल्या पुरुषमाणसांगणिक मुठीने गहू मोजतात, त्याचे रोट, म्हणजे जाड गोड पोळ्या, करतात. ते भाऊबंदांनीच खायचे आणि भाऊबंदांनीच संपवायचे, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. आमच्या घराण्यात लग्न झालेली लेकही बाहेरचीच धरतात. सासरी कानबाई बसत नाही, त्यामुळे लग्नानंतर रोट मी नुसते आठवायचे. त्या रविवारी आईचा फोन आला. म्हणाली, "औंदा सुनीलनी मूठ भरताना मना हात थरथरना माय." मी फोन ठेवला आणि मला वेगळाच संताप आला. माझी किडनी या घराला चालते आणि मला त्यांचा रोट चालत नाही, हा कुठला न्याय? रागारागात त्या रात्रीचं ताकही मी घेतलं नाही.

सोमवारी सकाळी तशीच सायकल काढली. पुलाच्या अलीकडे कानबाईची मिरवणूक लागली. डफ वाजत होते, बाया फुगड्या घालत होत्या. वाट काढत पुढे जाऊ म्हणून मी उतरले, आणि डोळ्यांपुढे काळोखी आली. सायकल कुठे पडली, मी कशी बसले, काही कळलं नाही. दृष्टी परतली तेव्हा मी कठड्याला टेकून बसले होते, भोवती लुगडी-साड्यांचा गराडा होता, आणि त्या गराड्यावर, एका म्हातारीच्या डोक्यावरच्या पाटावर, कानबाई होती. नारळाचा तो मुखवटा, चांदीचे डोळे, नाकात नथ. ते डोळे माझ्याकडेच लागले होते. आजूबाजूचा डफ मला ऐकू येईनासा झाला.

म्हातारीने पाट दुसरीच्या डोक्यावर दिला आणि माझ्यासमोर फतकल मारून बसली. सुरकुतलेला चेहरा, कपाळभर कुंकू. तिने माझ्या हनुवटीला हात लावला.

"काय खादं शे सकाळपाईन?"

"उपास शे," मी म्हणाले.

"कोनासाठे?"

मला खोटं बोलता आलं नाही. "भाऊसाठे."

तिने शेजारची टोपली पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "तं मंग भाऊसाठेच खाय."

तिने नैवेद्याच्या टोपलीतला रोट मोडला. मागून एक बाई घाईने म्हणाली, "अक्का, रोट भायेर देतस नही!" म्हातारीने मान वळवलीसुद्धा नाही. "मी कोन देनारी? मायच देस," म्हणाली आणि घास माझ्या ओठांशी धरला.

मी तोंड उघडलं. तूप-गुळाचा तो घास जिभेवर आला आणि मला रडू फुटलं. भररस्त्यात, शाळेच्या साडीत, एवढी थोरली बाई मी हमसून हमसून रडले आणि रडता रडता खात राहिले. भुकेचं रडू होतं ते, पण नुसतं भुकेचं नव्हतं. ज्या घासावर माझा हक्क नाही म्हणून मी रात्रभर धुमसले होते, तो मी कुणाकडेही न मागता, ज्याचं मला नावही ठाऊक नाही अशा घरातून, माझ्या तोंडापर्यंत चालत आला होता. मी वर पाहिलं तर कानबाई नदीच्या वाटेला लागली होती. म्हातारी उठून त्या गर्दीत मिसळली. पुढे मी त्या भागात पुष्कळ विचारलं, पण कुणाची अक्का ते कळलं नाही. मीही मग शोध सोडला.

दोनच दिवसांनी नाशिकला तपासणी होती. मी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. ते एरवी शांत, पण त्या दिवशी भडकले. "असंच उपाशी चालवलं असतं, तर तुमची स्वतःची किडनी दुखावली असती. मग मी तुम्हाला कायमचं नाही म्हटलं असतं." ज्या हट्टाने मी भावाला वाचवायला निघाले होते, त्याच हट्टाने मी त्याचा शेवटचा आधार घालवत होते. पुलापाशी मला कुणी थांबवलं, हे मी कुणाला पटवायला जात नाही. मला थांबवलं गेलं, एवढं खरं.

त्यानंतर मी जेवले. आहारतज्ज्ञ बाईंनी लिहून दिलं तेवढं, वेळेवर, पानावर बसून. सायकल चालवतच राहिले, पण आता काट्याशी भांडण नव्हतं. पाय मारायचे आपण, बाकीचं कानबाईवर. सकाळी पुलावर वारं लागलं की वाटायचं, आपल्याला कुणीतरी मागून हात लावून ढकलतंय. वजन हळूहळू, कुरकुर न करता उतरत गेलं. दिवाळी सरल्यावर डॉक्टर म्हणाले, "या आता." त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले.

ऑपरेशननंतर मला चाकाच्या खुर्चीतून सुनीलच्या खोलीच्या काचेपाशी नेलं. आजारपणात त्याला पाणी मापून मिळायचं. आमच्या उन्हाळ्यातही वाटीभर पाण्यात दिवस काढायचा, ओला फडका ओठांना लावायचा. आता नर्सने त्याच्या हातात भरलेला पेला दिला. त्याने दोन घोट घेतले आणि सवयीने थांबला. तिच्याकडे बघितलं.

"प्या ना भाऊ," ती म्हणाली. "अजून देते. आता तुम्हाला जितकं हवं तितकं."

त्याने पेला तोंडाला लावला. गळ्याची घाटी वरखाली होत होती, पाणी हनुवटीवरून ओघळत होतं, आणि तो थांबत नव्हता. दुसरा पेला, मग तिसरा. काचेअलीकडे माझी टाक्यांची बाजू ठणकत होती. इतके महिने मी सतत काही ना काही मागत होते, रागाने, रडून, उपाशी राहून. त्या वेळी मात्र मागण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. माझा भाऊ पोटभर पाणी पीत होता आणि मी नुसती बघत होते.