सगळी पोरं पहिल्या पानावर

काशीनाथ गुरुजींना वयाच्या सत्तरीत वेबसाइटचं वेड लागलं, आणि त्याला थोडीफार मीच जबाबदार. झरीच्या बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. गुरुजी तिथं येऊन बसायचे, विचारून विचारून माझं डोकं खायचे. शेवटी आमच्या शाळेची वेबसाइट त्यांनी स्वतःच्या हातानं केली. एकतीस वर्षं चौथीला शिकवलं, म्हणून एकतीस वर्गांचे फोटो, आणि खाली प्रत्येक पोराचं नाव.

काय दिवस होते ते! फोटोसाठी मानवतहून फोटोग्राफर यायचा. आई तेल चोपडून दोन रिबिनी बांधायची. ज्याचा सदरा फाटका, त्याला गुरुजी बरोबर कुणाच्या तरी खांद्यामागं उभं करायचे. तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. आता फोटो बघताना कळतं.

वेबसाइटच्या तळाशी गुरुजींनी भेटवही ठेवली होती. जुन्या पोरांनी दोन ओळी लिहाव्यात, एवढीच हौस. तीन वर्षांत एक ओळ आली नाही. परवाच्या उन्हाळ्यात ते दुकानात आले आणि म्हणाले, "अबोली, महिनाअखेरी बंद कर ती वेबसाइट. विसरली पोरं. चालायचंच."

मला असा संताप आला! माझ्या वर्गातल्या भुजंगला फोन लावला. "अरे, लाज वाटती का न्हाई? दोन ओळी लिहायला हात झिजतो का तुझा?"

"अगं बाई, उघडली तर लिहीन ना!" भुजंग उलट माझ्यावरच उखडला. "शेतात बसून किती डाव बगितलं. नुसतं चाक फिरायलंय. फोन तापतो, पान काय येत न्हाई."

मी वेबसाइटच्या भेटींचे आकडे काढले. गेल्या महिन्यात चारशे जण येऊन गेले होते. बहुतेक दहा सेकंदांत परत फिरलेले. गुरुजींच्या कॉम्प्युटरनं ते फोटो आधीच साठवून ठेवलेले, म्हणून त्यांना पान झटक्यात दिसायचं. माझ्या दुकानातही तसंच. आणि मी एवढी शहाणी, मला कधी साध्या फोनवर उघडून बघायचं सुचलं नाही!

गुरुजींना स्कूटीवर बसवून थेट भुजंगच्या शेतात नेलं. भुजंगनं पान उघडलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. चाक फिरायला लागलं. भुजंग मोटार चालू करून आला, घागर भरून आणली, आम्ही पाणी प्यायलो, तरी चाक फिरतच होतं. गुरुजी चष्मा सावरत बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी कामाला बसलो. एकेक फोटो भिंतीएवढा छापता येईल असा जड. शिवाय पान उघडलं की सनई वाजणार, फुलं पडणार! सनई काढली, फुलं काढली. फोटो फोनला पुरतील एवढे हलके केले. इथवर गुरुजींनी मान डोलावली. पण आधी फक्त वरचा वर्ग दिसेल आणि बोट सरकवू तसे खालचे फोटो येतील, म्हटल्यावर बिथरले.

"न्हाई जमायचं. खालची पोरं मागं राहतील. माझ्या वर्गात मागं कुणी नव्हतं."

खरंच नव्हतं. दर सोमवारी सगळ्यात मागची बसायची पट्टी पुढं यायची, तिच्यावरची पोरं गुरुजींच्या टेबलासमोर. त्या माणसाला कसं समजवावं? मी डोकं धरून बसले. मग म्हटलं, "गुरुजी, दर वेळी पान उघडलं की वेगळा वर्ग वर येईल. मग तर झालं?"

"हां. असं कर."

पान तीन सेकंदांत उघडायला लागलं, झरीच्या शिवारातसुद्धा. मी वर्गातल्या दोघा-तिघांना कळवलं, त्यांनी पुढं कळवलं. चार दिवसांनी भेटवहीत सत्तावीस नोंदी होत्या. पुण्याहून, नांदेडहून, एक दुबईहून. कुणी लिहिलेलं, "गुरुजी, दर दिवाळीला बघतो, उघडतच नव्हती." कुणी लिहिलेलं, "मला वाटलं तुम्ही आमचा वर्ग काढून टाकला." भुजंगनं आपल्या वळणात लिहिलं, "गुरुजी, तीन वर्षं येऊन येऊन माघारी जायलो होतो."

मी एकेक नोंद मोठ्यानं वाचत होते. गुरुजी माझ्या दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ऐकत होते. मला वाटलं, खूश होतील. तर त्यांनी चष्मा काढला, उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "पोरं दारात उभी होती गं अबोली. अन् मी तीन वर्षं सगळ्यांची गैरहजेरी मांडत बसलो."