स्मारकातलं सैपाकघर

बदनापूरच्या शाळेत मला नोकरी लागली, त्या उन्हाळ्यात मी माय आणि अण्णांना एका मोठ्या राष्ट्रीय पुढाऱ्याचं स्मारक दाखवायला नेलं. निजामाच्या राजवटीत अण्णा याच पुढाऱ्याच्या शब्दावर सत्याग्रहात उतरले आणि जेलात गेले होते. केदारखेड्याहून निघाल्यापासून ते खूश होते. मायचं मात्र चित्त थाऱ्यावर नव्हतं.

पुढाऱ्याचं राहतं घरच आता संग्रहालय झालं होतं. अण्णा एकेका फोटोपुढं हात जोडत होते. काचेमागं चष्मा, चरखा, जेलातलं जर्मनचं ताट. "बराबर असंच होतं आम्हाला," अण्णा म्हणाले. माय भराभर पुढं जायची, परत मागं यायची.

"काय हुडकून राह्यलीस?" मी विचारलं.

"सैपाकघर कुठंय?"

ते मागच्या अंगाला होतं. दाराला दोरी बांधलेली. आत सारवलेली चूल, तवा, रिकामी उतरंड. माहिती सांगणारा तरुण आला, तसं मायनं विचारलं, "हे जेलात गेल्ते, तवा यांची बायको काय खात होती?"

तो गोंधळला. "तसं कुठं लिहिलेलं नाही, आजी."

"लेकरं होती ना?"

"होती."

"मंग?"

लोक बघायला लागले. गाडी चुकायची धास्ती होती, म्हणून मी तिचा हात ओढला. ती हलेना, उंबऱ्यालगत बसलीच. अण्णा म्हणाले, "चल जल्दी, पुढं मोठ्या सभेचा फोटो हाय."

"तुम्ही पाहा."

परतीच्या गाडीत अण्णा सारखे उठून दारापर्यंत जायचे, परत येऊन बसायचे. शेवटी म्हणाले, "तवा तू काय खात होतीस गं?"

"आता इचारून राह्यले?"

"सांग तरी."

मायनं पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "बांधावरच्या तरोट्याची भाजी. तुमच्या भावानं दाण्याची कणगी अलग केल्ती. दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जात होते मी. मोठी तापानं गेली, ते तुम्हाला ठावं हाय. त्या दिवशी तिला पाजायला घरात पेज नव्हती, ते ठावं न्हाई."

मला एक मोठी बहीण होती, एवढंच मी तोवर ऐकलं होतं.

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बदनापूर आलं तरी ते बसूनच होते. मी हाक मारली तेव्हा उठले. फलाटावर त्यांनी मायच्या हातातली पिशवी घेतली.

सप्टेंबरात मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाचं बोलावणं आलं. न्यायला आलेल्यांना अण्णा म्हणाले, "ही पण येईल."

"मला न्हाई यायचं," माय म्हणाली. आणि ती खरंच गेली नाही.