नोटीस बोर्डावरचं उलटं आभाळ

प्रूफकाकांना माणसांचा वीट आला होता आणि त्याचं सगळं श्रेय ते प्रामाणिकपणे माणसांनाच देत. चौतीस वर्षं एका छापखान्यात बसून त्यांनी लोकांच्या चुका वेचल्या. निवृत्तीच्या दिवशी मालकाने मानपत्र दिलं. त्यात तीन चुका निघाल्या. काकांनी खिशातल्या लाल पेनने त्या तिथल्या तिथे दुरुस्त केल्या आणि मानपत्र फेरछपाईला परत दिलं. ते अजून आलेलं नाही.

मग त्यांनी मान वर केली. हवामानाचे उपग्रह दिवसातून चार-सहा वेळा डोक्यावरून जातात, जाता जाता खालच्या ढगांचं चित्र फुकट सोडतात आणि ते घरी बसून पकडता येतं, असं त्यांच्या वाचनात आलं. माणसाचा हात न लागलेला मजकूर! काकांनी पडद्याच्या दोन जुन्या ॲल्युमिनियमच्या दांड्या त्रेपन्न-त्रेपन्न सेंटिमीटर कापल्या आणि गच्चीत एका पाइपवर आडव्या, फाकलेल्या दोन बोटांसारख्या बसवल्या. तिथून केबल दोन मजले खाली, त्यांच्या खोलीत. तिथे बोटाएवढा रिसीव्हर आणि तो मुलीने टाकून दिलेल्या लॅपटॉपला जोडलेला. उपग्रह वर आला की स्पीकरमधून टिकटिक सुरू होई आणि बारा-तेरा मिनिटं चित्र ओळीओळीने पडद्यावर उतरे. काका चष्मा लावून एकेक ओळ तपासत.

"तेवढा वेळ तरी माझ्या बोलण्यातल्या चुका निघत नाहीत," बायको म्हणे. "रोज वीस उपग्रह सोडा म्हणावं."

महिन्याभराने चित्रात काळे पट्टे येऊ लागले. काकांनी केबल बदलली, सांधे पुन्हा जोडले, घरातले दिवे, पंखे, फ्रिज, एकेक बंद करून पाहिलं. तीन आठवडे गेले. शेवटी एका सकाळी ते ऐन वेळेला गच्चीत गेले. एका दांडीवर तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचे चार ओले मोजे होते. दुसरीवर त्यांच्या यजमानांची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी होती आणि तिचं पाणी थेंबाथेंबाने केबलच्या सांध्यात मुरत होतं.

"अहो ताई, हा ॲन्टेना आहे!"

"मग मी कुठे नाही म्हणतेय? दांड्या छान आहेत हो. गंजत नाहीत."

"यामुळे उपग्रहाचं नीट ऐकू येत नाही."

"काका, तो एवढा आभाळातला! त्याला आमच्या मोज्यांचं काय वावडं?"

काकांनी दोन बोटांच्या चिमटीत एकेक वस्त्र उचललं आणि कठड्यावर ठेवलं. कठड्यावर कबुतरांनी आपलं काम आधीच करून ठेवलं होतं. शिसारी नेमकी कशाची यावी, हे काकांना ठरवता येईना.

बाई तडक सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेल्या. अध्यक्षांचं डोकं गेले दोन महिने दुखत होतं आणि त्यांना कारण हवंच होतं. बोर्डावर नोटीस लागली: गच्चीवरील लहरी सोडणारे यंत्र काढून टाकण्याबाबत रविवारच्या सभेत निर्णय. ते यंत्र काहीही सोडत नाही, फक्त ऐकतं, हे काकांनी समजावून सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "ऐकतं? मग तर जास्तच वाईट."

काकांची भूक गेली. पुरं आभाळ फक्त गच्चीतून दिसे. तिथून दांड्या हलल्या की उरलं आयुष्य माणसं वाचण्यात घालवावं लागणार होतं.

पहिल्या मजल्यावर राहणारा मेव्हणा म्हणाला, "भावजी, माझ्यावर सोडा." तो विमा विकत असे. आजवर तो ज्यात पडला ते काम बिघडलं होतं, पण भीतीचा उपयोग त्याला कळत होता. शनिवारी दुपारी उपग्रह दक्षिणेकडून उत्तरेकडे गेला. असा गेला की दक्षिणेच्या ओळी आधी येतात आणि सगळं चित्र डोक्यावर उभं राहतं. ते मागाहून फिरवून घ्यावं लागतं. चित्र उतरल्यावर काका, दांड्या तपासताना कठड्यावरून हाताला लागलेली कबुतरांची आठवण धुऊन काढायला गेले. तेवढ्यात मेव्हण्याने ते न फिरवलेलंच उचललं.

रविवारी सकाळी दूध आणायला उतरलेल्या काकांना बोर्डावर हातभर रंगीत चित्र दिसलं. वर उजवीकडे पांढरा भोवरा, त्यातून निघालेला लाल बाण आणि बाणाच्या टोकाशी 'आपण'. खाली ठळक अक्षरांत: सावधान! वादळ येत आहे. खरा भोवरा खाली डावीकडे, भर समुद्रात होता आणि लांब चालला होता. काकांनी टाचणीला हात घातला. ते चित्र काढणार, तोच मागून अध्यक्षांनी त्यांचा हात धरला आणि दोन्ही हातांनी हलवला.

"वाचवलंत हो! मी रात्रीच हे वाचून स्कूटर आत घेतली, गच्चीची मोरी साफ करवली. आणि पहाटे पाऊस आलाच की!"

पहाटे एका चुकार ढगाने दहा मिनिटं शिंतोडे उडवले होते.

सभा पार्किंगमध्ये भरली. ॲन्टेना कायम ठेवावा असा ठराव खुद्द मोजेवाल्या बाईंनी मांडला. गच्चीत वाळत टाकलेली गादी त्यांनी चित्र पाहून रात्रीच आत घेतली होती, ती वाचली होती. सगळ्यांचे हात वर जाणार, तोच काका उठले. मेव्हण्याने सदरा ओढला. "भावजी, बसा ना. फुकटात मिळतंय."

"चित्र उलटं लावलंय," काका म्हणाले आणि उत्तर-दक्षिण, भोवरा, चुकार ढग, सगळं सविस्तर सांगितलं.

अध्यक्षांनी बराच विचार केला.

"म्हणजे उलटं लावलं आणि खरं ठरलं?"

"योगायोगाने."

"ते असू द्या. लागू पडलेलं औषध कोणी बदलतं का? ठराव असा लिहा: ॲन्टेना राहील. रोज सकाळी आठला चित्र बोर्डावर, पहिल्यासारखंच उलटं."

ठराव एकमताने मंजूर झाला. चौतीस वर्षांत काकांनी चूक पाहून न पाहिल्यासारखं केलं नव्हतं. आता ती रोज आठला स्वतःच्या हाताने लावायची होती. बायको म्हणाली, "लावा की उलटं. घरात सुलट बघा."

"माझ्या सहीचं प्रूफ आहे ते," काका म्हणाले आणि पाना घेऊन वर गेले.

दांड्या आता त्यांच्या खिडकीबाहेरच्या गजांना बांधलेल्या आहेत. तिथून पश्चिमेचं आभाळ तेवढं दिसतं, पूर्वेला भिंत. चित्र अर्ध्यावर विरून जातं, पुढे नुसती भुरभुर. काका ते फिरवतात, तपासतात आणि कोणाला दाखवत नाहीत. बोर्डावर ते जुनंच चित्र आहे, उलटं. अध्यक्ष रोज ते पाहून छत्री न्यायची की नाही हे ठरवतात.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून वाकून हाक मारली.

"अहो काका, गच्चीतल्या दांड्या कुठे गेल्या? माझे मोजे वाळत नाहीत."

काकांनी खिडकी लावून घेतली. मग चडफडत पुन्हा उघडली. टिकटिक सुरू झाली होती.