ताटातली राखी

प्रिन्सिपल मॅडमच्या टेबलावर ताट ठेवलं होतं. कुंकू, नारळ, एक ड्रेसपीस आणि राखी. श्रावण केव्हाच संपला होता. राखी कुणाच्या तरी कपाटातली, गोंडा चपटा झालेली.

मी नववीत होते. अहमदपूरची इंग्रजी शाळा. आठवड्यापूर्वी सायन्सच्या सरांनी लॅबचं दार आतून लावून माझ्यावर जबरदस्ती केली होती. तीन दिवसांनी मी आईला सांगितलं. बाबा पोलीस ठाण्यात गेले नाहीत. त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांना फोन केला. आमचं दुकान अध्यक्षांच्या गाळ्यात. सर अध्यक्षांचे भाचे.

मॅडमच्या केबिनमध्ये पाटी होती, इथे इंग्रजीतच बोला. आम्ही मराठी बोललो की दंड. त्या दिवशी सगळे मराठीतच बोलत होते.

"लेकरू हाय, घाबरलंय," अध्यक्ष म्हणाले. "सर तुला भावासारखे. राखी बांध बाई, विषय मिटला."

"हाव, ताई," म्हणत सरांनी हात पुढे केला.

तोच हात.

बाबा स्वतःच्या चपलांकडे बघत होते. आई कुजबुजली, "बांध माय. उद्या तुझं लगीन करायचंय. लई बभ्रा होईल."

उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणारी मुलगी मी. राखी उचलली. सगळ्यांनी श्वास सोडला. मी ती स्कर्टच्या खिशात घातली.

"हा माझा भाऊ नाही."

एवढंच बोलता आलं.

चौथ्या दिवशी शाळेचा दाखला हातात आला. शाळा सोडण्याचं कारण: स्थलांतर. मला नांदेडला मावशीकडे पाठवलं. इतकी वर्षं सर तिथेच राहिले. लॅबही तीच.

काल चुलतबहिणीचा फोन आला. ती आता नववीत आहे, त्याच शाळेत. "दीदी, सर लई चांगले हायत. प्रॅक्टिकलला मला एकटीला थांबवून शिकवतात."

मी लगेच काकूला सगळं सांगितलं. पोरीला शाळेत पाठवू नका म्हटलं. मग एका वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "उशीर झालाय, पण दार बंद झालेलं नाही."

बाबा फोनवर म्हणाले, "गाळा जाईल, बेटा."

जाऊ दे.

उद्या सकाळच्या एसटीने अहमदपूरला निघते आहे. राखी पर्समध्ये आहे. दाखल्यावरचं कारण त्यांनी लिहिलं होतं. फिर्याद मी देणार आहे. सरांच्या पूर्ण नावासकट. आणि त्या दिवशी केबिनमध्ये बसलेल्या प्रत्येकाच्या. बाबांच्यासुद्धा.