धडधाकट विमान

काका चहा उभ्यानेच प्यायचे. कोणी खुर्ची पुढे केली की हात हलवून म्हणायचे, "नको वं पोरी. बसलेल्याले गंज लवकर पकडते." विमानतळावरच्या आमच्या टीचभर कचेरीत खुर्च्या कमी आणि माणसं जास्त, त्यामुळे या तत्त्वज्ञानाला कधी कोणी विरोध केला नाही.

काका म्हणजे आमच्या विमान कंपनीचे नागपूरचे इंजिनियर. स्वतःला मात्र ते मेकॅनिकच म्हणवून घेत. मी चेक-इन काउंटरवर होते. दोघंही प्रताप नगरचे, म्हणून सकाळची ड्यूटी असली की त्यांच्या स्कूटरवर मागे बसून जायचे. असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल बघा. तो कंपनीला 'आपली' म्हणतो आणि कंपनीला त्याचं नाव धड ठाऊक नसतं.

कोरोनाची टाळेबंदी लागली तेव्हा आमचं एक विमान नागपुरातच अडकलं. ते पार्किंगच्या कोपऱ्यात उभं केलं आणि आम्हा काउंटरवाल्यांना घरी पाठवलं. काकांना पास मिळाला, कारण उभ्या विमानाचीही निगा राखावी लागते. इंजिनांची तोंडं झाकायची, टायर एकाच जागी चपटे होऊ नयेत म्हणून चाकं फिरवायची, मधूनमधून इंजिनं सुरू करायची. गोठ्यातल्या गाईचं करावं तसं काका ते करत. मैना घरट्यासाठी काड्या आणून विमानाच्या फटींत खुपसायच्या. काका काड्या काढायचे आणि वर मैनांचीच समजूत घालायचे, "तिकडं जा नं बाई, एवढी झाडं आहेत." काकू मला फोनवर म्हणायच्या, "घरचा नळ टपकून राहिला, अन् हे चालले विमान पुसाले!"

पुढे उड्डाणं सुरू झाली, पण नावापुरती. तोंडावर मास्क, त्यावर प्लास्टिकची काच, अशा अवतारात मी रिकाम्या रांगेकडे बघत बसायचे. पगार आधी अर्धा झाला, मग थांबला. माझ्या शेजारच्या काउंटरवरची मुलगी नोकरी सोडून धंतोलीतल्या एका दवाखान्यात रिसेप्शनला लागली. तिथली रांग संपत नव्हती.

मग दिल्लीच्या मुख्य कार्यालयातून काकांना फोन येऊ लागले. नवे सुटे भाग घ्यायची कंपनीची ऐपत उरली नव्हती. उभ्या विमानाचा भाग काढायचा आणि उडणाऱ्याला लावायचा, असं सगळ्याच शहरांत चाललं होतं. नागपूरच्या विमानाचाही अमुक भाग काढून पाठवा, असा हुकूम यायचा.

"सर, बोल्ट जाम आहे," काका म्हणायचे. "इथं ऊन असं आहे, का हात लावला तं चामडी निघते."

पावसाळ्यात तोच बोल्ट पावसाने जाम झाला आणि हिवाळ्यात थंडीने. नागपुरात तिन्ही ऋतू फक्त बोल्ट जाम करायला येतात, असंच दिल्लीच्या साहेबांना वाटलं असेल.

"काका, खोटं काहून बोलून राहिले?" मी एकदा विचारलं.

"एक नट काढला नं, का मांगून दुसरा निघते," ते म्हणाले. "मंग ते विमान राहत नाही वं, कबाड होते. हे एक उडलं पाहिजे. हे उडलं तं नागपूरचं ऑफिस राहीन. तुही नोकरी, माही नोकरी, साऱ्याइची."

आम्ही त्यांना हसलो आणि मनातून त्यांच्याच भरवशावर राहिलो. इतर शहरांतल्या विमानांची हाडं उघडी पडल्याच्या बातम्या येत होत्या. आमचं मात्र धडधाकट होतं. पुन्हा सगळं सुरळीत झालं की पहिलं आमचंच उडणार, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो.

एके दिवशी मॅनेजर म्हणाले, उद्या विमानाच्या तपासणीला माणूस येतोय. दुसऱ्या दिवशी काका कडक इस्त्रीचा गणवेश घालून हजर. "पाहिलं वं? आपलं विमान चालू करून राहिले!" आलेल्या गृहस्थाला त्यांनी शिडी लावून दिली, एकेक झाकण स्वतः उघडून दाखवलं. लेकीला बघायला पाहुणे यावेत तशी त्यांची धांदल होती. शेवटी तो गृहस्थ म्हणाला, "पूरे देश में इतना बढ़िया जहाज नहीं मिला. बाकी सब तो आधे खाली हैं." काका चक्क लाजले. डब्यातली संत्र्याची बर्फी काढून त्याला आग्रहाने खायला घातली.

तो गृहस्थ आमच्या कंपनीचा नव्हताच. विमानं बहुधा कंपनीच्या मालकीची नसतात, भाड्याने घेतलेली असतात. आमचं भाडं थकलं होतं, आणि मूळ मालकाने हा माणूस पाठवला होता. मालकाला विमानं परत हवी होती, पण ठिकठिकाणी उभी असलेली विमानं उडण्याच्या अवस्थेत नव्हती. लगेच घेऊन जाता येईल असं एकच होतं. ते जाणार आणि त्यासोबत नागपूरचं ऑफिस बंद होणार, हे मॅनेजरनी आम्हाला सांगितलं तेव्हा काका भिंतीकडे बघत होते. एवढा मोठा अन्याय मी जवळून पाहिलेला नाही, आणि तो करणारा माणूस कोण, हे अजूनही मला सांगता येत नाही.

विमान न्यायच्या दिवशी शेपटीवरचं आमच्या कंपनीचं नाव पांढऱ्या रंगाने झाकलं होतं. मालकाचे वैमानिक आत बसले. ट्रॅक्टरने विमान मागे ढकलून दिलं, इंजिनं सुरू झाली. अशा वेळी जमिनीवरचा माणूस समोर बाजूला उभा राहून हात वर करतो, सगळं ठीक आहे, निघा म्हणून. त्याशिवाय वैमानिक पुढे जात नाही. ते काम काकांचंच होतं.

काका जागेवर उभे राहिले, पण हात खालीच. वैमानिकाने काचेतून खूण केली. काका तसेच. मला वाटलं, हे आता हात करतच नाहीत. खरं सांगते, करू नये असंच मला वाटत होतं.

त्यांनी नाकापासून शेपटीपर्यंत एकदा नजर फिरवली. एखादं झाकण राहून तर गेलं नाही ना, ते बघत होते. मग हात वर केला.

विमान उडालं. काका कानांवरचे हेडफोन काढून माझ्याजवळ आले. "काहून वं, रडून राहिली?" एवढं म्हणाले आणि हेडफोनची वायर नीट गुंडाळत राहिले. मग, दुसऱ्याच कोणाबद्दल बोलावं तसं, म्हणाले, "माहंच चुकलं. थोडं खराब होऊ द्याले पाहिजे होतं."